माहिती असूनही कंडोम का राहून जातो?

कंडोम वापरला जाईल की नाही, हे त्याविषयीच्या माहितीवरून फारसे ठरत नाही. पास्कल शीरन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये स्त्री-पुरुष संबंधांतील कंडोमवापरावरच्या १२१ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात माहितीचा आणि आजाराच्या भीतीचाही वापराशी संबंध क्षीण निघाला. ठळक निघाल्या त्या साध्या गोष्टी : वापरण्याचा निश्चय, जोडीदाराची मान्यता, कंडोम जवळ बाळगणे आणि विषय आधी बोलून ठेवणे. एड्सच्या भयंकर चित्रांच्या भित्तिपत्रकांवर झालेला खर्च यामुळे थोडा विचारात पाडतो.

मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी मांडलेली स्वक्षमतेची जाणीव, म्हणजे ‘हे मला जमेल’ हा विश्वास, इथे महत्त्वाची ठरते. मेडिकलच्या दुकानात चारचौघांत कंडोम मागता येणे, जोडीदार ‘आज राहू दे’ म्हणाला तरी ठाम राहणे, घाई न करता तो नीट चढवता येणे, या प्रत्येकासाठी वेगळा आत्मविश्वास लागतो. ताठरता जाईल या भीतीने अनेक पुरुष कंडोम टाळतात. एकट्याने केलेला सराव तिथे कामी येतो.

विश्वास हा मात्र विचित्र घटक आहे. नात्याच्या सुरुवातीला वापरला जाणारा कंडोम काही काळाने सुटतो, बहुधा दोघांपैकी कोणाचीही तपासणी न होता. लग्नात तर त्याची मागणी म्हणजे संशयच वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. कंडोमचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच होते. शस्त्रक्रियेनंतर गर्भाची काळजी मिटते आणि कंडोमचे कारणही मिटल्यासारखे वाटते, पण संसर्गाचा धोका तसाच राहतो.

ही सारी मांडणी निर्णय व्यक्तीच्या हातात आहे असे गृहीत धरते. नवऱ्याला नकार देणे जिला शक्य नाही, तिच्या निश्चयाला काय अर्थ? जिथे एकटीचे चालत नाही, तिथे एकजूट कामी येते. कोलकात्याच्या सोनागाछी या वस्तीत १९९२ पासून आणि सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून देहविक्री करणाऱ्या स्त्रिया संघटित झाल्या. कंडोम नाकारणाऱ्या गिऱ्हाईकाला एकटीने अडवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून अडवणे सोपे गेले.

कंडोमचा विषय शक्यतो संबंधाच्या आधी, निवांत वेळी काढावा. कंडोमचे पाकीट उशाजवळ ठेवावे. पँटच्या खिशात उष्णतेने आणि घर्षणाने लॅटेक्स खराब होते. खोबरेल तेल लावू नये. कंडोम फाटला किंवा राहून गेला आणि एचआयव्हीची शंका असेल, तर प्रतिबंधक औषधे लवकरात लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. त्यासाठी सरकारी रुग्णालय गाठावे.