दुरुस्ती नळाची, खर्च घराचा

घरदुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील फार मोठा कारागीरवर्ग आहे. प्लंबर, गवंडी, लादीवाले, रंगारी, सुतार, वेल्डर, त्याचप्रमाणे हार्डवेअर व सॅनिटरी सामानाचे दुकानदार, या सर्वांची रोजीरोटी लोकांच्या घरांवर चालते. या धंद्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. ग्राहक म्हणतो, "पाचशे रुपयांचे काम सांगितले होते, पन्नास हजारांवर नेले." कारागीर म्हणतो, "भिंत फोडल्यावर आत जे निघाले त्याला मी काय करू?" बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. तरीही व्यवहार बिघडतो, शेवटचे पैसे अडकतात आणि मोहल्ल्यात नाव खराब होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा हा प्रकार का होतो आणि तो कसा आवरावा, हे आज आपण पाहू.

साखळी कशी लागते?

एक नेहमीचे काम घेऊ. पंचवीस-तीस वर्षांच्या घरात न्हाणीघरातील नळ गळतो आहे. वॉशर बदलूनही गळती थांबत नाही, म्हणून प्लंबर नळ काढायला पाना लावतो. भिंतीतील पाइप जुना जी.आय.चा आहे. या पाइपवर जस्ताचा मुलामा असतो, पण आटे पाडताना त्या जागी तो निघून जातो व पत्राही पातळ होतो. म्हणून गंज प्रथम आट्यांत शिरतो. पाना फिरताच आटे सॉकेटमध्येच तुटून राहतात. आता सॉकेट काढण्यासाठी दोन टाइल्स फोडणे भाग पडते. सॉकेट निघाले, पण पुढच्या बेंडचे आटेही सडलेले दिसतात. मग पाइपची संपूर्ण ओळ बदलावी लागते आणि दोनच्या जागी वीस टाइल्स निघतात.

तशाच टाइल्स बाजारात मिळत नाहीत, कारण ते डिझाइन बंद झालेले असते. मिळाल्या तरी छटा जुळत नाही. मग पूर्ण भिंत नवी करायचे ठरते. भिंत नवी झाली की जमिनीची लादी जुनाट दिसू लागते. लादी उचलली की खालचा कोबा भिजलेला सापडतो, आणि तेव्हाच खालच्या मजल्याचा शेजारी येऊन सांगतो की त्याच्या छताचे पोपडे पडत आहेत. तेथे पाहावे तर स्लॅबच्या सळ्या उघड्या पडलेल्या असतात.

एका वॉशरपासून निघालेले काम येथे स्लॅबपर्यंत पोहोचले. यात कोणी कोणाला फसविले असे नाही. घरातील प्रत्येक वस्तू दुसरीच्या पोटात बसविलेली असते. आतली वस्तू आधी खराब होते आणि तिच्यापर्यंत जाण्यासाठी बाहेरची चांगली वस्तू मोडावी लागते. काम वाढण्याचे मूळ हेच आहे.

वाढ तीन प्रकारची असते

वाढलेले सर्व काम एकाच मापाने मोजू नये. पहिला प्रकार गरजेचा. गंजलेली सळी किंवा सडलेला पाइप दिसल्यावर तो झाकून टाकणे म्हणजे ग्राहकाचे नुकसान करणे होय. दुसरा प्रकार सोयीचा. भिंत फोडलीच आहे तर गीझरसाठी गरम पाण्याची ओळ आताच टाकून घ्यावी, पुन्हा फोडतोड नको. हे शहाणपणाचे असते, पण ऐच्छिक असते. तिसरा प्रकार हौसेचा. एक भिंत नवी झाली म्हणून उरलेले घर जुने वाटू लागते.

कारागिराने हे तीन प्रकार ग्राहकाला स्पष्टपणे वेगळे करून सांगावेत: "हे केल्यावाचून गत्यंतर नाही, हे आता केले तर स्वस्त पडेल, आणि हे तुमच्या मर्जीवर आहे." जो मिस्त्री हौसेचे काम गरजेचे म्हणून गळ्यात मारतो, त्याला एक मोठे बिल मिळते, परंतु दुसरे काम मिळत नाही.

सळी का गंजते?

स्लॅबच्या दुरुस्तीत सर्वाधिक पैसा वाया जातो, म्हणून तिचे कारण समजून घेतले पाहिजे. सिमेंटचे काँक्रीट क्षारधर्मी असते आणि त्यामुळे आतल्या सळीवर एक संरक्षक थर टिकून राहतो. वर्षानुवर्षे हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरत जातो व क्षारपणा कमी करतो. समुद्रकाठी खाऱ्या हवेतील क्लोराइडही सळीपर्यंत पोहोचते. त्यात गळतीचे पाणी मिळाले की सळीला गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होते. त्याचा दाब आतून पडतो, काँक्रीटला चीर जाते आणि पापुद्रे खाली पडतात.

यावर नुसता गिलावा मारून रंग लावला तर वर्ष-दोन वर्षांत तो पुन्हा पडणारच. आधी वरची गळती बंद करावी. मग टेकू देऊन, सैल काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत काढून, गंज घासून, सळी किती झिजली ते पाहावे. जास्त झिजली असेल तर इंजिनिअरच्या सल्ल्याने जोड सळी टाकावी, गंजरोधक लेप द्यावा आणि मगच पॉलिमर मॉर्टरने भरावे. खालच्या छताची दुरुस्ती वरच्या मोरीपासून सुरू होते, हे ग्राहकाला समजावणे कारागिराचे काम आहे.

जेथे हात लावू नये

काम वाढत जाताना एक मर्यादा अशी आहे की ती ओलांडली तर प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो. जुनी लादी फोडण्याचा खर्च वाचावा म्हणून तिच्यावरच दोन इंच माल टाकून नवी लादी बसविण्याची पद्धत आहे. हिशेब करून पाहा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत दोन इंच माल आणि लादी मिळून सव्वा ते दीड टन वजन होते, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२५ किलो. आराखडा करताना राहत्या खोलीत माणसे व सामान मिळून चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरलेला असतो. त्यातला अर्ध्याहून अधिक भाग आपण लादीनेच खाऊन टाकला. त्यापेक्षा, जुनी लादी घट्ट असेल तर चिकट मसाल्याने पातळ टाइल लावावी, नसेल तर जुनी काढून मगच नवी बसवावी. तसेच दहा फूट लांब व दहा फूट उंच अशी साडेचार इंची विटांची भिंत दोन टनांहून अधिक भरते. खाली तुळई नसताना ती वाटेल तेथे उभी करू नये.

खांब व तुळई यांना तर छिन्नीही लावू नये. २७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत डॉकयार्ड रोडजवळ महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून ६१ जण दगावले. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. दोन्ही वेळी तळमजल्याच्या जागेत केलेल्या फेरफारांवर आरोप झाले. दुकानाला रुंदी हवी, गोदामाला पोटमाळा हवा, ही मागणी व्यापारी बंधूंकडूनच येते. मालक सांगतो म्हणून खांब तासणाऱ्या कारागिराने लक्षात ठेवावे की वरच्या मजल्यांवर कुटुंबे झोपलेली असतात. अशा कामाला इंजिनिअरचा लेखी सल्ला व परवानगी नसेल तर सरळ नकार द्यावा.

अंदाज देण्यापूर्वी

दारात उभे राहून "होईल दोन हजारांत" असे म्हणण्याची सवय सोडली पाहिजे. आधी अर्धा तास तपासणीला द्यावा. ओल फक्त पावसाळ्यात येते की बारा महिने? फक्त पावसाळ्यात येत असेल तर दोष बाहेरच्या भिंतीत किंवा गच्चीत असण्याचा संभव अधिक. बारा महिने असेल तर पाइप किंवा सांडपाण्याचा मार्ग तपासावा. मुख्य कॉक दिवसभर बंद ठेवून ओल कमी होते का ते पाहावे. नहाणी ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतून तो रंग खाली उतरतो का ते बघावे. हातोडीच्या दांड्याने टाइल्स व गिलावा ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला तर आत जागा सुटलेली आहे. एवढ्याने अर्धी अनिश्चितता जाते. या तपासणीची वेगळी मजुरी घेण्यात गैर काहीच नाही.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर लादी बसविण्याआधी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवावे व खालून पाहावे. हे दोन दिवस वाचविण्याच्या नादात सारे काम पुन्हा उखडावे लागते.

कागदावर आणा

अंदाजपत्रक साधे असावे, पण लेखी असावे. त्यात चार गोष्टी हव्यात. पहिली, नक्की कोणते काम ठरले. दुसरी, काय धरलेले नाही, उदाहरणार्थ "भिंतीतील पाइप सडलेला निघाल्यास त्याचे काम वेगळे". तिसरी, वाढीव कामाचा दर आताच लिहावा: पाइप फुटावर, टाइल चौरस फुटावर, मजुरी दिवसावर. चौथी, कोठे थांबून ग्राहकाला विचारायचे. झाकलेली वस्तू उघडली की काम थांबवावे, दाखवावे, मोबाइलवर फोटो काढावा, होकार घ्यावा आणि मग पुढे जावे. विसार किती, मधला हप्ता कधी आणि शेवटचा कधी, हेही लिहावे.

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीच्या देण्याघेण्याच्या लिखापढीविषयीच आहे. आपल्या कारागिरांना हे ठाऊक असते, तरी "घरचेच गिऱ्हाईक आहे" म्हणून कागद टाळला जातो, आणि भांडण नेमके घरच्याच गिऱ्हाइकाशी होते. कायद्याची बाजूही माहीत असावी. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७० नुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला तर त्याने मोबदला दिला पाहिजे. केलेल्या कामाच्या पैशांचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. तथापि कोर्टात सिद्ध काय करणार? कागद असेल तर प्रकरण सहसा तेथवर जातच नाही.

भाड्याची जागा असेल तर

आपले अनेक व्यापारी भाड्याच्या गाळ्यात बसतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, जागा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. मालकाने लक्ष दिले नाही तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो व खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होता कामा नये. म्हणून मोठे काम काढण्यापूर्वी हा हिशेब करावा. सोसायटीत राहणाऱ्यांनी हेही पाहावे की आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी व त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हावयास हवी. ती झालेली नसेल तर घरात नवी लादी घालण्याची घाई करू नये.

दुकानदार व ग्राहक बंधूंना

दुकानदाराने टाइल्स विकताना एक पेटी जादा घेऊन ठेवण्यास सांगावे आणि बिलावर कंपनी, डिझाइन व बॅच नंबर लिहावा. पुढे एक टाइल फुटली तर ग्राहकाची संपूर्ण भिंत वाचेल. असा सल्ला देणारे दुकान लोक विसरत नाहीत.

ग्राहकाने ईदेच्या पंधरा दिवस आधी काम काढू नये. नव्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावे लागते आणि रंगापूर्वी तो सुमारे महिनाभर सुकावा लागतो. फोडतोड व पाण्याची चाचणी धरली तर काम दोन महिने आधी सुरू झाले पाहिजे. घाईत ओल्या भिंतीवर लावलेला रंग फुगतो आणि दोष रंगाऱ्यावर येतो. शिवाय ठरलेल्या रकमेइतकीच शिल्लक हाती असेल तर भिंत फोडूच नये. आत काय निघेल त्यासाठी काही पैसा बाजूला असावा. नसेल तर कॉक बंद करून, वरून उघडा पाइप टाकून वेळ निभावून न्यावी. उघडा पाइप दिसायला चांगला नसतो, परंतु तो गळला तर लगेच कळते आणि भिंत न फोडता बदलता येतो. अर्धवट फोडलेल्या घरात राहण्यापेक्षा ते बरे.

घर जुने झाले की काम वाढणारच, ते कोणाला टाळता येत नाही. मात्र ते किती वाढले, का वाढले आणि कोणाच्या होकाराने वाढले, हे दोघांनाही ठाऊक असले पाहिजे. एवढे सांभाळणाऱ्या कारागिराला काम शोधत हिंडावे लागत नाही.