लाकडी विमान कोणत्या डिंकाने चिकटवावे?



मागच्या वर्षी पाचवीच्या मुलांकडून बाल्सा लाकडाची छोटी ग्लायडर विमाने करून घेतली. तासिका पस्तीस मिनिटांची, म्हणून मी सरळ सुपरग्लू आणला. दहा सेकंदांत पंख चिकटले. मुलं खूश, मीही खूश. मैदानावर एका मुलाचं विमान दुसऱ्याच फेकीत नाकावर आपटलं आणि पंख मुळापासून निघाला. "बाई, माझंच चुकलं का?" त्याने विचारलं. चूक माझी होती.

तुटलेली जागा पाहिली तर लाकूड शाबूत होतं, सांधा तेवढा काचेसारखा तुटला होता. सुपरग्लू हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्याने क्षणात घट्ट होतो, पण ठिसूळ असतो. ओढ सहन करतो, धक्का नाही. पातळ सुपरग्लू फटही भरत नाही. आणि तो मुलांच्या हाती देऊच नये. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. सांडला तर कापसाने पुसू नका, कापूस चटका बसण्याइतका तापतो.

मुलांसाठी साधा पांढरा फेविकॉलच बरा. त्यातलं पाणी लाकडात मुरतं, उडून जातं आणि मागे थोडा लवचीक थर राहतो. पातळ थर लावायचा, टाचण्यांनी दाबून धरायचं, खाली प्लॅस्टिकचा कागद घालायचा. नाहीतर विमान बाकालाच चिकटतं! तासाभरात सांधा धरतो, पण उडवायचं दुसऱ्या दिवशी. लाकडाच्या कापलेल्या टोकाला डिंक आत शोषला जातो, तिथे आधी एक हात देऊन थोडं सुकू द्या, मग पुन्हा लावून जोडा.

फेविकॉलची अडचण एकच, पाणी. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं मॉस्किटो हे लाकडी विमानसुद्धा सुरुवातीला दुधातल्या केसिनपासून केलेल्या डिंकाने जोडत. दमट हवेत तो टिकेना, म्हणून पुढे कृत्रिम डिंक वापरला. आपलं विमान पावसात भिजणार असेल किंवा त्याला मोटर बसवायची असेल, तर दोन ट्यूबांचा इपॉक्सी घ्या. तो मोठ्यांनीच, हातमोजे घालून कालवावा. तो जड असतो, म्हणून मोटरच्या जागी आणि पंखांच्या मधल्या जोडालाच लावा.

वजनाचं गणित मुलांना सीसॉवरून पटकन कळतं. शेपटी लांब असते, त्यामुळे तिथे डिंकाचा एक जादा थेंब पडला तर तोल साधायला नाकाला त्याच्या कितीतरी पट माती लावावी लागते.

त्या मुलाचा पंख आम्ही जुना सुपरग्लू खरवडून फेविकॉलने पुन्हा जोडला. आता चिकटवल्यावर प्रत्येक जण पंखावर पेन्सिलीने वार आणि वेळ लिहितो. दुसऱ्या दिवशी ती वेळ होईपर्यंत विमान कपाटावर.