ग्राइंडरचा गार्ड काढू नका

घरी सुतारकामाची किंवा फॅब्रिकेशनची हौस असलेले लोक ड्रिलच्या पाठोपाठ हमखास चार इंची ग्राइंडर घेतात. तो स्वस्त असतो, हातात मावतो, आणि चकती बदलली की लोखंड, फरशी, लाकूड सगळं कापतो असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. लोखंड आणि फरशी ठीक. लाकडाला माझा सक्त विरोध आहे, आणि त्याचं कारण माझ्या घरातलंच आहे.

मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली. तिथे गार्डशिवाय ग्राइंडर चालवताना कुणी दिसला, तर फोरमन तिथल्या तिथे मशीन काढून घ्यायचा. घरात असा कुणी नसतो.

साताऱ्याला माझा मेहुणा गच्चीवर जुन्या सागवानी दाराच्या फळ्या कापत होता. ग्राइंडरला पाच इंची दातेरी ब्लेड लावलेलं. ते चार इंचाच्या गार्डमध्ये बसत नाही, म्हणून गार्ड काढून ठेवलेला. साइड हँडल खोक्यातच. मी वर पोचताच म्हणालो, "अरे, गार्ड कुठाय?"

"दाजी, दोनच फळ्या राहिल्यात. मग लावतो."

डाव्या हाताने फळी दाबून धरत त्याने पुढचा काप घेतला आणि ब्लेड लाकडातल्या गाठीत अडकलं. ग्राइंडर उसळून मागे आला आणि त्याच्या डाव्या अंगठ्याच्या बुडातून फिरला. हातातून सुटून खाली पडला तरी तो फरशीवर गरगरतच होता, कारण त्याचा सरकता स्विच पुढे ढकलून अडकवलेला होता. मी प्लग काढायला वायरच्या मागे धावलो, तर बोर्ड खाली जिन्यात!

अंगठा वाचला. आतली टेंडन तुटली होती, ती ऑपरेशन करून जोडली. पण अंगठ्याचं टोक आजही वाकत नाही. शर्टाचं गळ्याचं बटण बायको लावून देते.

हे त्याचं नशीब नव्हतं, यंत्राचा गुणधर्म होता. चार इंची ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. म्हणजे चकतीची कड ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असते, आणि पाच इंची ब्लेड लावलं की हा वेग 250 च्या वर जातो. लोखंड कापायची चकती घासत जाते, दातेरी ब्लेड मात्र चावतं. लाकडाचा काप मिटला किंवा गाठ आडवी आली की दात अडकतो आणि सगळा जोर यंत्र धरणाऱ्या हातावर उलटतो. लाकडासाठीची गोल करवत याच्या निम्म्या वेगाने फिरते, तिला फळीवर टेकायला पत्रा असतो आणि काप संपताच दाते झाकणारा स्प्रिंगचा गार्ड असतो. दातेरी ब्लेड लावू नका असं ग्राइंडरच्या अनेक माहितीपुस्तिकांत स्पष्ट छापलेलं असतं. लाकूड कापायचं असेल तर जिगसॉ घ्या, गोल करवत घ्या, नाहीतर फळ्या वखारीतून कापून आणा.

लोखंडासाठी वापरतानाही चकतीवरचा आकडा वाचा. तिच्यावर छापलेला जास्तीत जास्त वेग यंत्राच्या वेगाइतका किंवा त्याहून जास्त हवा. मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख असते. आतलं रेझिन वयाने आणि ओलीने कमजोर होतं, त्यामुळे पावसाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेली चकती लावू नका. हातातून पडलेली तर नकोच, तिची बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. नवी चकती लावली की तोंड बाजूला करून एखादं मिनिट मोकळी फिरवा. चकतीच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही. कामाची वस्तू हाताने किंवा पायाने दाबायची नाही, सी-क्लॅम्पने किंवा शिकंज्यात आवळायची. चकती बदलताना प्लग बाहेर, आणि प्लग लावण्यापूर्वी स्विच बंद आहे हे बघायचं. बोर्ड हाताच्या अंतरावर हवा; जिन्यातला तो बोर्ड मी विसरलेलो नाही.

ड्रिल चालवताना हातमोजे घालू नयेत, हे अनेकांना उलटं वाटतं. फिरत्या बिटमध्ये मोज्याचा धागा गुंतला की बोट ओढलं जातं. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी यांचंही तेच.

विजेच्या बाबतीत एक गैरसमज फार आहे. एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, आणि त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून तो पडतो का ते पाहावं लागतं. यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं, दोनच पिना चालतात. जुन्या धातूच्या बॉडीच्या मशीनला मात्र तिसरी पिन हवीच. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती जाड पिन कापून टाकणारे लोक मी पाहिलेत. असं करू नका, सॉकेट बदला.

डोळ्यांना नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूने कण शिरतो. बंद गॉगलच हवा. लोखंडाचा कण गेलाच तर चोळू नका, रुमालाच्या टोकाने काढायला कुणाला देऊ नका. तो बुबुळावर गंजाचा डाग पाडतो, त्यामुळे त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

आणि कापलंच तर? स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा, 108 ला फोन करा. बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका, पेशी खराब होऊन ते जोडणं अवघड होतं. फोनवरच विचारून घ्या की प्लास्टिक सर्जन कोणत्या रुग्णालयात आहे, आणि थेट तिथेच जा.