अ‍ॅटॉमिक आहे, मग बॅरिअर कशाला?

प्रश्न : लिनक्स कर्नेलच्या कोडमध्ये अ‍ॅटॉमिक क्रियेच्या आधी किंवा नंतर वेगळा मेमरी बॅरिअर लिहिलेला दिसतो. क्रिया मुळातच अखंड असेल, तर याची गरज काय?

उत्तर : अखंडपणाची हमी त्या एका व्हेरिएबलपुरतीच असते. दोन कोअरनी एकाच क्षणी काउंटर वाढवला तरी दोन्ही वाढी नोंदल्या जातात. पण आजूबाजूला जे लिहिलं, ते इतर कोअरना कोणत्या क्रमानं दिसेल, हा प्रश्न निराळा. कंपायलर आणि प्रोसेसर दोघंही वेगासाठी क्रम बदलतात. कोअरला स्वतःला ते जाणवत नाही, शेजारच्या कोअरला मात्र दिसतं.

समजा, एका कोअरनं बफर भरला आणि मग ‘अ‍ॅटॉमिक_इंक’नं काउंटर वाढवला. एआरएम प्रोसेसरवर दुसऱ्या कोअरला वाढलेला काउंटर दिसूनही बफरमध्ये जुनाच डेटा मिळू शकतो. म्हणून वाढवण्याआधी हा क्रम राखणारा बॅरिअर हवा. तेवढ्यानं भागत नाही. वाचणाऱ्यानंही काउंटर आणि बफर या दोन वाचनांच्या मध्ये बॅरिअर घालायला हवा. बॅरिअरची जोडी लागते.

‘अ‍ॅटॉमिक_इंक_रिटर्न’ला मात्र वेगळा बॅरिअर लागत नाही. मूल्य वाचून, बदलून परत देणाऱ्या अशा साध्या नावाच्या क्रिया दोन्ही बाजूंचा क्रम सांभाळतात. नावापुढे ‘रिलॅक्स्ड’ आलं की ती हमी संपली.

एक्स८६वर लॉक जोडलेली सूचना स्वतःच पूर्ण बॅरिअर असते. तिथे कंपायलरनं ओळी हलवल्या नाहीत, तर विसरलेला बॅरिअर लॅपटॉपवर कधीच उघडा पडत नाही आणि तोच कोड फोनवर क्वचित कधीतरी कोसळतो. अशी चूक शोधणं फार जिकिरीचं.

मला यातलं सर्वांत देखणं उदाहरण वस्तूचे संदर्भ मोजणाऱ्या ‘रेफकाउंट_टी’चं वाटतं. संदर्भ वाढवताना क्रमाची हमी लागत नाही, कारण वाढवणाऱ्याकडे वस्तू आधीच सुरक्षित असते. सोडताना मात्र ‘रिलीज’ हवा : वस्तूवरचं आपलं सगळं काम आधी पुरं झालेलं दिसलं पाहिजे. शेवटचा संदर्भ सोडणाऱ्याला शिवाय ‘अ‍ॅक्वायर’ लागतो, नाहीतर इतरांचं काम पुरतं दिसण्याआधीच तो मेमरी मोकळी करील.

तरीही शंका उरली, तर कर्नेलमध्ये २०१८पासून असलेलं औपचारिक मेमरी मॉडेल वापरा. छोटी लिटमस टेस्ट लिहून ‘हर्ड७’ या प्रोग्रामला दिली, की मॉडेलनुसार संभवणारे सगळे निकाल तो समोर मांडतो.