नंबर मागितला, की आधी विचार: कशाला?

सोनू, आईने लोणचं, चटण्या, गोधडी सगळं बांधून दिलंय. मी सांगतेय ते तिच्या यादीत नाही.

तू भिडस्त आहेस. कुणी काही मागितलं, की देऊन मोकळी होतेस. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता "मॅडम, नंबर?" म्हणतो आणि तू अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असे दहा आकडे सांगतेस. मागे कोण उभं आहे, बघतेस का कधी? "नंबर नाही द्यायचा," एवढंच म्हणायचं. त्याशिवाय बिल निघत नाही, असं तो म्हणेल. निघतं. नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय.

पीजीच्या काकू आधारची झेरॉक्स मागतील. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, तेव्हा ओळखपत्र मागण्यात त्यांचं काही चुकत नाही. वाद घालू नकोस. पण मास्क्ड आधार दे. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर आडवं लिही, 'फक्त पीजी प्रवेशासाठी', खाली तारीख आणि सही. प्रिंटसाठी झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंस, तर समोर उभी राहून डिलीट करून घे. तो वैतागेल. वैतागू दे. आधारची झेरॉक्स कुणालाही देत सुटू नका, असं यूआयडीएआयच्याच बंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं होतं. लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून सरकारने दोन दिवसांत ते मागे घेतलं. मला विचारशील तर सल्ला चोख होता.

आणि 'नाही' म्हणताना आपण आगाऊपणा करतोय असं वाटून घेऊ नकोस. कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी ऐंशी ओलांडल्यावर आधारविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. त्यांच्याच खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढच्याच वर्षी बँक खातं आणि सिमकार्डाला आधार जोडण्याची सक्तीही कोर्टाने काढून टाकली. तरी कंपन्यांचे फॉर्म बघशील तर काही झालंच नाही असं वाटेल.

२०२३चा डेटा संरक्षण कायदाही आहे. कंपनीकडे आपली कोणती माहिती आहे ते विचारायचं, चुकलेली दुरुस्त करायला लावायची, नको असेल तर पुसायला लावायची, हे त्यात आहे. संमती मागणारी सूचना मराठीतही मिळायला हवी, आणि दिलेली संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. पण नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि यातलं बरंचसं २०२७पर्यंत लागू व्हायचंय. शिवाय सरकारने स्वतःच्या यंत्रणांसाठी पळवाट ठेवलीच आहे. तेव्हा सध्या भिस्त आपल्या जिभेवर.

महिनाअखेरीस हात आखडला तर मला सांग, झटपट कर्जाच्या अ‍ॅपकडे वळू नकोस. फोनमधले कॉन्टॅक्ट आणि गॅलरी या अ‍ॅपांनी उघडायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पण वसुलीची वेळ आली की बाबांना, तुझ्या सरांना, शेजारच्या काकांना फोन जातात, ते काय उगाच?

आणखी एक, जरा अवघड. फोटो दाखवून कुणी धमकावलं, तर एक पैसा देऊ नकोस आणि घाबरून चॅट पुसू नकोस. स्क्रीनशॉट ठेव. खासगी अंगाचा फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं यासाठी आयटी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. पोलिसांच्याही आधी मला उठव, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मी काही विचारणार नाही, ओरडणारही नाही.

खोली ठरली, की पत्ता मला फोनवर सांग. फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस, तिथे कोण कोण आहे हे अ‍ॅडमिन असलेल्या आत्यालाही ठाऊक नाही.