भाचीस पत्र : फाईल तुझ्याकडे आली आहे म्हणून

चि. ऋतुजा,

बी. फार्म अभ्यासक्रमाचा दर्जा सांभाळण्याचं काम तुझ्या गळ्यात पडल्याचं ताई सांगत होती. नवीन माणसाच्या टेबलावर अशा फाईल्स आपोआप येतात, त्याला तू काय करणार! पण ‘आधी काय वाचू’ असं विचारलंस, ते आवडलं.

तर नॅकचे मूल्यांकनाचे निकष आधी वाचू नकोस. फार्मसी कायदा, 1948 काढ आणि कलम 12 वाच. अभ्यासक्रमाला वेगळी मान्यता आणि परीक्षेला वेगळी, दोन्ही फार्मसी कौन्सिलची. नॅकची श्रेणी घसरली तर संस्थेची मान खाली जाते, एनबीएचं मानांकन हुकलं तर जाहिरातीतली एक ओळ कमी होते. पण कौन्सिलची मान्यता नसेल तर मुलगा विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतो आणि नोंदणीच्या खिडकीवरून परत येतो. कलम 42 प्रमाणे नोंदणीशिवाय त्याला चिठ्ठीवरचं औषध देता येत नाही. चूक संस्थेची आणि चार वर्षं मात्र त्याची गेलेली. तंत्रशिक्षणावर देखरेख करणारी एआयसीटीई मोठी की कौन्सिल, हा वादही बरीच वर्षं चालला. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फार्मसीपुरता कौन्सिलच्या बाजूने कौल दिला. तो खटला आपल्या विदर्भातल्याच एका संस्थेच्या नावाने ओळखला जातो.

बी. ए.च्या वर्गात शिरत नाही तो कायदा आपल्याच वर्गात का शिरतो, असं तुझी मुलं विचारतील. त्यांना 1986 सालचं जे. जे. रुग्णालय सांग. उपचार म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होतं आणि 14 रुग्ण दगावले. न्या. लेंटिन यांच्या चौकशीत खरेदीपासून तपासणीपर्यंतची अख्खी साखळी उघडी पडली. रुग्णाला बाटलीतलं काही पारखता येत नाही. मधल्या कुणीतरी त्याच्या वतीने पारखायचं असतं. तो ‘कुणीतरी’ आपण तयार करतो, म्हणून कायदा आपल्या हजेरीपटापर्यंत येतो.

आता कायदा मोजतो काय? सत्रात निदान 100 कामाचे दिवस. प्रत्येक विषयात 80 टक्के हजेरी, तीही थिअरीची वेगळी आणि प्रॅक्टिकलची वेगळी. सहाव्या सत्रानंतर चार आठवड्यांत मिळून 150 तासांचं प्रशिक्षण. हे सगळे किमान आकडे आहेत. एवढ्याने चांगला फार्मासिस्ट घडतो असं कायदाही म्हणत नाही. पण कायद्याला बाहेरून मोजता येतं ते एवढंच, आणि तेच खोटं लिहिलं तर मागे तपासण्यासारखं काही उरत नाही.

कौन्सिलकडून इन्स्पेक्शनला आलेले लोक डिसॉल्यूशनचं यंत्र पाहतील, डेड स्टॉक रजिस्टरशी ताडतील, औषधी वनस्पतींच्या बागेत चक्कर मारतील. यंत्र वर्षभर चाललं का, ते तू त्याच्या लॉगबुकात पाहा. नोंदी इन्स्पेक्शनच्या आदल्या पंधरवड्यातच दाटीवाटीने असतील, तर मला आणखी काही सांगायला नको.

खरी गोम त्या 150 तासांत आहे. ओळखीच्या मेडिकलवाल्याचा शिक्का आणि चार आठवडे घरी, हा रस्ता सगळ्यांना ठाऊक असतो. त्या प्रमाणपत्रावर महिना उलटल्यावर सही करण्यात अर्थ नाही. मुलं तिथे असतानाच एखाद्या संध्याकाळी गर्दीच्या वेळी दुकानात जाऊन उभी राहा. परत आल्यावर पाच-सहा जणांना डॉक्टरच्या हाताची चिठ्ठी दे आणि विचार : मात्रा बरोबर आहे का, यातली कुठली दोन औषधं एकमेकांत ढवळाढवळ करतील, पेशंटला काय सांगशील? जिथे सगळे अडखळतील, ते पुढच्या वर्षी ट्रेनिंगच्या डायरीत घाल. ‘सीओ-पीओ’ची, म्हणजे विषयाच्या आणि पदवीच्या निष्पत्ती जुळवणारी, कोष्टकं भरायचीच आहेत, भर. पण दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांवर संध्याकाळ घालवू नकोस. एवढा अचूक आकडा दिसला की मला आधी संशय येतो.

हजेरीवरून रडारड होणार, पालक येणार, कुणाच्या तरी ओळखीचा फोन येणार. त्याला उपाय एकच : सहाव्या आठवड्यात यादी बोर्डावर लाव, घरी पत्र टाक, जादा प्रॅक्टिकलच्या तारखा तेव्हाच दे. सत्राच्या शेवटी ‘कायद्यात बसत नाही’ म्हणणारी मॅडम दुष्ट ठरते. सहाव्या आठवड्यात तेच सांगितलं, तर मुलाकडे सुधारायला निदान दोन महिने असतात. आजारपण खरं असेल तर प्राचार्यांकडे लेखी जा. तोंडी सवलत देऊ नकोस, मागूही नकोस.

यंदाच्या ट्रेनिंगच्या दुकानांची यादी झाली की मला पाठव. मिरजेत माझे दोन जुने विद्यार्थी दुकान चालवतात. मुलं काउंटरमागे खरोखर उभी राहणार असतील तरच घेतात, आणि एका वेळी तीनच. ताईला म्हणावं, गुडघ्याचं तेल पोचलं.

तुझा,
मामा