फॉस्फोलिपिड, अल्पविद्राव्य औषधे आणि काळा आजार

एखादे द्रव्य प्रयोगशाळेत रोगजंतूंचा नाश करते, एवढ्याने ते औषध ठरत नाही. तोंडावाटे घेतलेले औषध प्रथम आतड्यातील द्रवात विरघळले पाहिजे आणि नंतर पेशींचे स्निग्ध पटल ओलांडून रक्तात पोहोचले पाहिजे. विद्राव्यता व पारगम्यता या दोन निकषांवर औषधांचे चार वर्ग पाडण्याची पद्धत १९९५ मध्ये मांडली गेली. त्यांपैकी दुसऱ्या व चौथ्या वर्गातील औषधे अल्पविद्राव्य होत.

येथे फॉस्फोलिपिडांचा उपयोग होतो. सोयाबीन व अंड्याच्या बलकातील लेसिथिन हे त्यांचे परिचित उदाहरण. या रेणूचे एक टोक जलस्नेही, तर दोन शेपट्या जलविरोधी असतात. आतड्यात फॉस्फोलिपिडे पित्तक्षारांसह औषधाचे रेणू विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवतात आणि शोषण वाढते. हळदीतील करक्यूमिनबाबत हा मार्ग अवलंबिला गेला आहे. पाण्यात हेच रेणू दुहेरी पटलाच्या सूक्ष्म पिशव्या बनवितात. १९६० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक बँगहॅम यांनी प्रकाशात आणलेल्या या पिशव्यांना लायपोसोम म्हणतात.

अँफोटेरिसिन-बी हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि आतड्यातूनही नगण्य शोषले जाते; म्हणून ते शिरेतूनच द्यावे लागते. त्यामुळे येथे लायपोसोम शोषण वाढवीत नाही, औषध योग्य स्थळी पोहोचविते. परीक्षार्थींची गल्लत बहुधा याच ठिकाणी होते. काळ्या आजाराचे परजीवी यकृत व प्लीहेतील भक्षक पेशींत राहतात आणि लायपोसोमही याच पेशी गिळतात. परिणामी मूत्रपिंडाला होणारी इजा घटते व मोठी मात्रा एकाच वेळी देता येते.

बिहारमध्ये जुनी अँटिमनीयुक्त औषधे निष्प्रभ ठरल्यावर साधे अँफोटेरिसिन दिवसाआड, सुमारे १५ वेळा, सलाइनमधून दिले जाई. मजुराच्या कुटुंबाला महिनाभराचे रुग्णालय म्हणजे महिनाभराची बुडालेली मजुरी आणि बहुधा सावकाराचे कर्ज. मुझफ्फरपूर येथील २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लायपोसोमयुक्त औषधाच्या एकाच मात्रेने (दर किलो वजनास १० मि.ग्रॅ.) सहा महिन्यांनंतर ९५.७ टक्के रुग्ण बरे आढळले. जुन्या पद्धतीने ९६.३ टक्के.

३५ किलो वजनाच्या रुग्णास ५० मि.ग्रॅ.च्या सात कुप्या लागतात. कुपीची किंमत पाहिली तर नवे औषध महाग. खाटेचे दिवस, तपासण्या आणि बुडालेली मजुरी धरली तर चित्र बदलते. आरोग्य-अर्थशास्त्रात हिशेब कुपीचा नव्हे, पूर्ण उपचाराचा करावयाचा असतो. अंदाजपत्रकात मात्र कुपीच दिसते, मजुरी दिसत नाही!

हा प्रश्न बाजाराने सोडविला नाही. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व गिलियड कंपनी यांच्यातील करारानुसार ४,४५,००० कुप्या देणगीरूपाने मिळाव्यात असे ठरले आणि भारताच्या निर्मूलन कार्यक्रमात एकमात्रा उपचार पुढे आला. दिल्ली विद्यापीठ व मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधनातून देशी लायपोसोमयुक्त अँफोटेरिसिनही विकसित झाले होते, हे येथे नमूद करावयास हवे.

दर १०,००० लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे गटस्तरावरील उद्दिष्ट भारताने २०२३ मध्ये गाठले. रुग्ण घटले, तशी औषधाची मागणीही घटते आणि उत्पादकाचा रस कमी होतो; तथापि आजार बरा झाल्यावर त्वचेवर चट्टे उठलेल्या काही रुग्णांत परजीवी शिल्लक असतात व वाळूमाशी ते पुन्हा पसरवू शकते.